रविवारसाठी जोडलेलं मशीन

श्रीरामपूरला बस स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. पाटीवर विक्री आणि दुरुस्ती असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असलं, तरी निम्मे लोक येतात ते प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढून घ्यायला. माझा जीव मात्र जोडणीत. तयार खोकं न विकता, समोरच्या माणसाला काय करायचंय ते विचारायचं, त्याप्रमाणे एकेक भाग निवडायचा आणि त्याच्या डोळ्यांदेखत मशीन उभं करायचं. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखा फिरला की गिऱ्हाइकाचा चेहरा बघावा. नव्या ट्रॅक्टरला हार घालतानासुद्धा माणसं एवढी खूश दिसत नाहीत.

गेमसाठी मशीन जोडून घेणारी गिऱ्हाइकं तर वेगळीच जात. एकजण म्हणाला, "विल्सनभाऊ, आत काय बी टाका, पन काचेतून लाल लाईट दिसली पायजे." एकाला हळद लागायच्या आत मशीन हवं होतं, लग्नानंतर कोण घेऊ देतंय म्हणून. लग्नातही तो माझ्याशी ग्राफिक कार्डाबद्दलच बोलत होता आणि नवरी शेजारी उभी राहून ऐकत होती. अशा गमती पुष्कळ. पण या धंद्याचा विषय निघाला की मला आठवतात ते बेलापूरचे रंगनाथआबा.

आबा आले तेव्हा सत्तरीला टेकलेले होते. शुगर फॅक्टरीत पॅनवर त्यांची हयात गेली होती. पॅन म्हणजे उसाचा रस आटून ज्यात साखरेचा दाणा धरतो ते भलंमोठं भांडं. उजव्या हाताची दोन बोटं तिथल्याच एका यंत्रात गेलेली. पायजमा, पांढरा सदरा, खांद्यावर उपरणं. दुकानात आले, काउंटरपाशी उभे राहिले आणि म्हणाले,

"गेमचा कॉम्प्युटर बनवून देता ना तुमी?"

"देतो की. नातवासाठी का?"

"न्हाई. माझ्यासाठी."

मला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. मी हसलो. ते हसले नाहीत. मी स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. चहा निवत गेला आणि आबा थांबत थांबत सांगत गेले.

त्यांचा एकुलता एक मुलगा संतोष मनमाड रोडवर मोटारसायकलला ट्रकची धडक बसून गेला होता. मागे बायको अर्चना आणि लहानगी रेवा. अर्चनाचं वय जेमतेम तिशीचं. दोन वर्षं ती सासरीच राहिली. मग आबांनीच तिच्यासाठी स्थळ बघितलं. भावकीतले लोक नाही नाही ते बोलले. आबांनी ऐकलं नाही. नाशिकचा चांगला माणूस मिळाला, त्याने रेवासकट तिचा स्वीकार केला आणि मांडवात अर्चनाचे वडील म्हणून आबाच उभे राहिले.

"लेक म्हनून दिली मी तिला," ते म्हणाले. "पन लेकीसंगं नात बी गेली, भाऊ. ते ध्यानात आलं हुतं, न्हाई असं न्हाई. पन घर रिकामं झाल्यावर कळलं."

सुरुवातीला रेवा सुट्टीत यायची. मग अर्चनाला मुलगा झाला, येणंजाणं कमी झालं. फोनवर नऊ-दहा वर्षांची पोर बोलून बोलून काय बोलणार? जेवलीस का, शाळा कशी आहे, ठेवू का. पण एकदा तीच म्हणाली की आबा, मी कॉम्प्युटरवर गेम खेळते, तुम्ही पण त्यात या ना. दोघांना मिळून खेळता येतं. बोलता पण येतं. आईने रविवारी सकाळी खेळायची परवानगी दिलीय.

आबांनी आधी मोबाईलवर प्रयत्न करून पाहिला. तो खेळ मोबाईलवर चालण्यातला नव्हता. म्हणून ते बेलापूरहून एस.टी.ने माझ्याकडे आले होते.

खेळ मला ठाऊक होता. माळरानावर सोडून देतात, तिथे झाडं तोडायची, घर बांधायचं, शेत लावायचं, जनावरं पाळायची आणि अंधार पडला की श्वापदांपासून सगळं राखायचं. मी आबांना म्हटलं, "साधं मशीन पुरणार नाही. पण फार भारीही नको." आणि त्यांना एकेक भाग दाखवायला लागलो.

बाहेरच्या माणसाला सांगायचं तर या कामात एकच गोष्ट महत्त्वाची, जोडी जमली पाहिजे. हिशोब करतो तो प्रोसेसर, चित्र रंगवतं ते ग्राफिक कार्ड, हाताशी सामान मांडून ठेवायचा ओटा म्हणजे रॅम, आणि सगळ्यांना वीज वाटून देतो तो पॉवर सप्लाय. तरुण पोरं सगळा जोर एकाच भागावर लावतात आणि बाकीचे हलके घेतात. मग तो भारी भाग इतरांची वाट बघत बसून राहतो. हे मी आबांना सांगितलं, तर ते लगेच म्हणाले,

"म्हंजे मिल मोठी आनली आन् पॅन ल्हान ठिवला, तर रस तुंबनारच."

"अगदी तेच."

"मग पैल्यांदा बॉयलर दाखवा. वाफ धड नसंल तर बाकीचं सारं फुकट."

म्हणून आमची निवड पॉवर सप्लायपासून सुरू झाली. आबांच्या वस्तीवर विजेचा दाब सारखा खालीवर व्हायचा, तेव्हा चांगल्यातला सप्लाय घेतला आणि जोडीला यूपीएस. घरापुढून उसाच्या ट्रॉल्या जायच्या, धुरळा फार. म्हणून काचेचा झगमगीत कॅबिनेट सोडून जाळ्या काढून धुता येतील असा साधा निवडला. पंखे मात्र त्यांनी स्वतः ऐकून घेतले. मी एकेक लावून दाखवायचो आणि ते डोळे मिटून मान हलवायचे. "ह्यो बोलतोय. दुसरा लावा. पोरीचा आवाज त्याच्यात बुडाया नको."

सगळ्यात अवघड गेला माउस. गेमचे माउस उजव्या हाताच्या बोटांच्या ठेवणीने घडवलेले असतात आणि आबांच्या त्या हाताला नेमकी हवी ती बोटंच नव्हती. मी दुकानातले सगळे समोर मांडले. ते हात ठेवायचे, उचलायचे. शेवटी दोन्ही बाजूंनी सारखा असलेला एक जुन्या घडणीचा माउस सापडला. तो डाव्या हाताला दिला, बटणं उलटी करून दिली. चालायला-वळायला कीबोर्डवरची जी चार बटणं लागतात, ती उजवीकडे बदलून दिली, अंगठा आणि उरलेल्या बोटांना पोचतील अशी. मी मनात म्हटलं, या वयात, डाव्या हाताने, याला कसं जमणार?

मशीन घेऊन मी स्वतः बेलापूरला गेलो. ताराबाईंनी, म्हणजे आबांच्या बायकोने, टेबलावर धुतलेली चादर अंथरून ठेवली होती. मला ती काढायला लावावी लागली, कारण मशीनला खालून हवा लागते. त्यांना ते पटलं नाही. पाहुण्याला उघड्या फळीवर बसवल्यासारखं त्यांना वाटलं असावं.

त्या आठवड्यात आबांचे फोनवर फोन. भाऊ, मी तळ्यात पडलो, वर येता येईना. भाऊ, लांडगा कसा मारायचा? भाऊ, माझी मेंढी कुणीतरी नेली. दुकानातली गिऱ्हाइकं माझ्या तोंडाकडे बघायची. पुढच्या आठवड्यात स्वतःच आले, पेढे घेऊन. "पोरगी मला म्हनली, आबा, तुमी लई वेंधळे हायेत, माझ्या मागं मागं चाला. मागं मागं चाललो, भाऊ. आख्खा डोंगर दाखवला तिनं मला."

पुढे जवळजवळ वर्षभर त्यांचा रविवार असा गेला. आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून आबा मशीनपुढे बसायचे. हेडफोन ते लावतच नसत, कारण ताराबाईंनाही ऐकायचं असायचं, त्या खाटेवर लसूण सोलत बसायच्या आणि मधूनच ओरडायच्या, "रेवे, जेवलीस का गं?" तिकडून आवाज यायचा, "आजी, थांब ना, लांडगा आलाय!" मी दोन-तीनदा काही ना काही निमित्ताने गेलो तेव्हा हे पाहिलं. या धंद्यात मी कितीतरी मशीनं जोडली, त्यांवर पोरांना शिव्या देताना, पैजा लावताना, रडताना पाहिलं. घरातली दोन म्हातारी माणसं एवढी सुखात बसलेली दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत.

मग एका दुपारी दुकानात एक बाई आल्या. गिऱ्हाईक असतील म्हणून मी उठलो.

"तुम्ही विल्सनभाऊ ना? मी अर्चना. रेवाची आई."

त्या नाशिकहून आल्या होत्या, घरी कुणाच्या तरी लग्नाला जाते असं सांगून. बेलापूर पुढे थोड्या अंतरावर, पण तिकडे जायची त्यांची हिंमत होत नव्हती. त्यांनी काउंटरवरची एक केबल उचलून उगाच गुंडाळली. मग म्हणाल्या,

"त्या खेळात रेवानं आणि आबांनी बेलापूरचं घर बांधलंय. अगदी तसंच. ओटा, विहीर, मागचा गोठा. मला आधी छानच वाटलं. पण त्यात एक खोली तिच्या बाबांची आहे. संतोषची. तिथं पलंग आहे, दिवा आहे. परवा मी मागे जाऊन उभी राहिले, तर ती आबांना सांगत होती, हळू बोला, बाबा झोपलेत."

मी त्यांच्यापुढे स्टूल सरकवलं.

"वर्गातल्या मुलींना सांगते की माझे बाबा गावाला असतात. ह्यांच्याशी बोलत नाही, धाकट्याला जवळ येऊ देत नाही. रविवार संपला की दोन दिवस जेवत नाही धड. शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं मला." त्या स्टुलावर बसल्या. "भाऊ, आबांनी माझ्यासाठी जे केलं ते बापानं केलं नसतं. त्यांना मी कोणत्या तोंडानं सांगू, की हे थांबवा? तुमचं ऐकतात ते."

माझं कोण ऐकतं? मी पेचकस चालवणारा माणूस. दुखणं यंत्रात असतं तर मी खोलून दाखवलं असतं. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि नाही म्हणणं मला जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी बेलापूरला गेलो. आबा ओट्यावर बसले होते. जमेल तेवढ्या हळू शब्दांत मी सांगितलं. ताराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ती खोली तिनं एकटीनं न्हाई बांधली," शेवटी ते म्हणाले. "पलंग मी ठिवला. ती म्हनली, आबा, बाबा कुठं झोपत्याल? मी म्हनलो, हितं. मला बी बरं वाटायचं, भाऊ. रईवारी वाटायचं, पोरगा आत हाय."

ताराबाई आत निघून गेल्या.

मी म्हटलं, "एकदम बंद नका करू. कमी करा. अर्चनाताईच रेवाला समजावून सांगतील."

"त्याच्यानं काय हुईल? पोर आईवर राग धरंल. आईनं आबाला तोडलं म्हनंल. तिला तितंच ऱ्हायाचंय, त्या घरात, त्या मान्साच्या हाताखाली मोठं व्हायाचंय. आईचं नाव ह्याच्यात निघता कामा न्हाई." ते ओट्यावरून उठले. "रईवारी तुमी या. एकट्याच्यानं मला हुयाचं न्हाई."

रविवारी चर्चमधून परस्पर बेलापूर गाठलं. आबा नेहमीसारखेच स्वच्छ सदऱ्यात. ताराबाई खाटेवर होत्या, पण पुढ्यात लसूण नव्हता. रेवा खेळात आली. पडद्यावर तिचं छोटं माणूस उड्या मारत आबांच्या माणसाभोवती फिरायला लागलं.

"आबा, आज आपण नदीपलीकडे जाऊ. मी पूल बांधलाय, बघा तर!"

आबा पूल बघायला गेले. पुलावरून तिच्या मागे मागे चालले. पलीकडे टेकडी होती, तिथून ते सगळं घर दिसत होतं. घराच्या एका खिडकीत दिवा होता. आबांनी माउसवरचा हात काढला.

"रेवा, ऐक. मी उद्यापासनं येनार न्हाई खेळाया."

"म्हणजे पुढच्या रविवारी नाही? मग त्याच्या पुढच्या?"

"त्याच्या म्होरं बी न्हाई. मला कटाळा आला ह्या खेळाचा."

"असं कसं? गेल्या रविवारपर्यंत तर..."

"आला कटाळा. म्हाताऱ्या मान्साला काय करायचाय खेळ? तू तुज्या भावासंगं खेळ. तुज्या पप्पांना शिकव. मला पुन्यांदा बोलवू नगंस."

मग ती रडायला लागली, लहान मूल रडतं तशी नाही, दात आवळून. आणि म्हणाली,

"तुम्हाला बाबांचा पण कंटाळा आला असेल मग!"

आणि तिचं माणूस पडद्यावरून नाहीसं झालं.

आबा तसेच बसून राहिले. खेळात संध्याकाळ व्हायला लागली, टेकडी काळी पडत गेली. त्यांचा माणूस एकटाच उभा होता. लांडगे आले आणि त्याला पाडलं, तरी आबांनी हात हलवला नाही. मग ताराबाई उठल्या, त्यांनी आबांच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "भाऊ, ते बंद करा." मी बंद केलं.

मशीन परत घेऊन जातो, दुसऱ्या कुणाला देतो, असं मी नंतर म्हणालो होतो. आबा नको म्हणाले. मशीनवर ताराबाईंनी कापड टाकलं. त्यानंतर ते मशीन मी कधी चालू असलेलं पाहिलं नाही.

अर्चनाताईंचा दिवाळीला फोन यायचा, ते आबा मला दुकानात येऊन सांगायचे. रेवा पप्पांना पप्पा म्हणते आता. भावाला सायकल शिकवली तिने. गणितात पहिली आली. सांगताना आबांचा चेहरा उजळायचा. मग मी विचारायचो, "रेवा बोलली का तुमच्याशी?" ते म्हणायचे, "तिला अभ्यास असतो." एवढंच म्हणून चहा संपवायचे आणि स्टँडकडे चालू लागायचे. पुढची वर्षं अशीच गेली. मी जमेल तेव्हा त्यांच्याशी गप्पा मारत बसायचो, पण त्या रविवारचं नाव दोघांनीही काढलं नाही.

गेल्या हिवाळ्यात आबा गेले. पहाटे उठले, छातीत कळ आली म्हणाले आणि ताराबाई पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. मला निरोप उशिरा मिळाला. दशक्रियेला प्रवरेकाठी गेलो तेव्हा गर्दी बरीच होती. फॅक्टरीतले जुने लोक आले होते. अर्चनाताई होत्या, त्यांचे यजमान होते. आणि ताराबाईंच्या शेजारी एक उंच मुलगी, केस मागे घट्ट बांधलेली. तिला मी आवाजानेच ओळखत होतो, चेहरा कधी पाहिलेला नव्हता.

विधी उरकले, माणसं पांगायला लागली. ती माझ्यापाशी आली.

"तुम्ही कॉम्प्युटरवाले विल्सनकाका ना? आईनं मला येताना गाडीत सगळं सांगितलं. आबांना कंटाळा आला नव्हता, तिनंच बंद करायला सांगितलं होतं. मी तिच्यावर चिडले नाहीये. आता कळतं मला." तिच्या हातात ओला रुमाल होता, तो ती पिळत होती. "तुम्ही त्या दिवशी तिथंच होता, असं आजी म्हणाली. मी शेवटी एक वाक्य बोलले होते. बाबांबद्दल. ते आबांनी ऐकलं का?"

एवढी वर्षं ते वाक्य ती सांभाळत आली होती. माझ्याच्याने खरं सांगवेना.

मी म्हटलं, "नाही गं बाळा. तेवढ्यात नेट गेलं होतं आमच्याकडचं."

आणि मी हे म्हणत असतानाच, मागून येऊन उभ्या राहिलेल्या ताराबाई घाईघाईने म्हणाल्या, "न्हाई गं बाई, काय ऐकनार? लाईटच गेल्ती तवा."

रेवाने माझ्याकडे पाहिलं, मग आजीकडे पाहिलं. आम्ही दोघंही खाली बघत होतो. आजीला धरून तिने हळूच पायरीवर बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि तिच्या मांडीत तोंड लपवलं.